पलीकडच्या किल्ल्यातली माणसं

सस्कॅचेवान नदीकाठ, कॅनडा
८ नोव्हेंबर २०२३

क्रांते,

कागदावरचं पत्र बघून हसू नकोस. इथे मोबाईलला रेंजच नाही. ऑफिसात एक फोन आहे, त्यावरून रविवारी आईशी पाच मिनिटं बोलते, बाकी जग बंद. म्हणून शाळेत निबंध लिहायचो तसं लिहितेय. तू नेरूळ स्टेशनजवळच्या तुझ्या मेडिकलमध्ये काउंटरमागे बसून वाच. गिऱ्हाईक आलं तर येऊ दे.

आम्ही किल्ल्यात राहतो. शप्पथ! पण आपल्या बेलापूरच्या किल्ल्यासारखा दगडाचा नाही, सगळा लाकडाचा. ओंडके उभे रोवून केलेलं दोन पुरुष उंच कुंपण, कोपऱ्यांवर टेहळणीचे मनोरे, मध्ये कोठारं. दोनशे वर्षांपूर्वी इथे फरचा व्यापार चालायचा. बीव्हर म्हणून पाण्यात राहणारा एक प्राणी, आपल्या घुशीचा थोरला भाऊ समज. त्याच्या केसांच्या टोप्या विलायतेतले साहेब घालायचे. इथले मूळचे क्री लोक कातडी आणायचे आणि घोंगड्या, पातेली, बंदुका घेऊन जायचे. या एका नदीवर असे कितीतरी किल्ले होते. ते सगळे कुजून गेले. आमचा जुन्या जागेवर नव्याने बांधलाय, म्युझियम म्हणून. हरेश उन्हाळ्यात पर्यटकांना माहिती सांगतो आणि हिवाळ्यात राखण करतो. गेले दोन हिवाळे तो एकटाच होता इथे. आता मी आहे.

तो माहिती किती छान सांगतो ते तू ऐकायला हवंस. म्हणतो, तेव्हा दोन कंपन्या होत्या. एकीने किल्ला बांधला की दुसरी महिन्याभरात हाकेच्या अंतरावर आपला बांधायची. एकमेकांची माणसं फोडायची, कातडी पळवायची. आमच्या समोर, नदीच्या पलीकडे, दुसऱ्या कंपनीचा किल्ला होता. आता तिथे माळ आहे नुसता. पडक्या चुलींचे ढिगारे गवतात दिसतात, तेवढेच.

पर्यटक ऑक्टोबरात संपले. आता दर गुरुवारी एक बाई येते, बर्नाडेट. साठीची आहे, नदीच्या खालच्या अंगाला तीन किलोमीटरवर राहते. सामान आणि टपाल तीच आणते. तिच्या पणजीची आजी याच किल्ल्यात जन्मली म्हणे, बाप स्कॉटलंडचा कारकून आणि आई क्री. मला बघून म्हणाली, "तुझ्यासारखी लांबून आलेली बाई इथे नवी नाही."

लग्नाला नऊ महिने झाले, पण हरेशची खरी ओळख आत्ता होतेय. काळजी फार घेतो. फक्त एक गंमत बघ, दुपारी तीन वाजले की गेटला आतून जाड लाकडी आडणा लावतो. मी म्हटलं, "इथे येणार कोण?" तर म्हणाला, "सवय चांगली असते."

उद्या गुरुवार. बर्नाडेटकडे पत्र देते. दिवाळीला करंज्या खा माझ्या वाटच्या.

तुझी संध्या

*

नेरूळ
३० नोव्हेंबर २०२३

संध्ये, जयभीम.

पत्र काल आलं. तीन आठवडे लागले बाई! पोस्टमनने दुकानात सगळ्यांसमोर ओरडून दिलं, "मॅडम, फॉरेनचं पत्र." दिवसभर भाव खाल्ला मी.

करंज्या खाल्ल्या, तुझ्या आईच्या हातच्या. करावे गावात गेले होते भाऊबीजेनंतर. तुझी वहिनी विचारत होती, पोरगी तिकडे काय करते? मी सांगितलं, किल्ल्यात राणी आहे, राजा तीन वाजताच दरवाजा बंद करून घेतो. काय हसल्या सगळ्या! मलाही सांग ना, नवीन लग्न झालेली माणसं तीन वाजता दार का लावतात ते. आडणा म्हणे! सवय म्हणे!

बाकी इकडे तेच. बाबा रबाळ्याच्या कंपनीतून मार्चमध्ये रिटायर होतात, म्हणून आतापासून घरात उगाच खिळे ठोकत फिरतात. आईने त्यांना हाकललं तर माझ्या मेडिकलवर येऊन बसतात.

एक गोष्ट मात्र खरी सांगू? तुझ्या पत्रात सगळं आहे, पण तू दिवसभर काय करतेस ते कुठेच नाही. बाहेर जातेस का? त्या बर्नाडेटकडे जाऊन बसतेस का? तू करंजाड्याला पाहुण्यांकडे दोन दिवस राहिलीस तरी कंटाळून पळून यायचीस. म्हणून विचारलं.

तुझी क्रांती

*

२१ डिसेंबर २०२३

क्रांते,

घाईत लिहितेय. बर्नाडेट ऑफिसात चहा पितेय आणि हरेश मागे लाकडं फोडतोय. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. बर्नाडेट म्हणाली, तू लिहून दे, मी घरी जाऊन फोटो काढते आणि तुझ्या मैत्रिणीला व्हॉट्सॲप करते. तू तिच्या नंबरवर उत्तर पाठव, ती प्रिंट काढून गुरुवारी आणेल. तिला मराठी येत नाही, ते बरंच आहे.

तू गंमत केलीस, मला हसू आलं नाही. चिडून नाही सांगत.

आडणा आता सकाळीही असतो. मी बाहेर जात नाही. नदी गोठली तेव्हापासून त्याने सांगितलंय, एकटीने गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. नदी गोठली म्हणजे पलीकडून चालत येता येतं. कोणाला, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पलीकडच्या किल्ल्यातल्या माणसांना."

मला वाटलं, पर्यटकांना सांगतो तसंच काहीतरी. मी हसले. तो हसला नाही गं. खालच्या आवाजात म्हणाला, "तुला दिसत नाहीत कारण तुला बघायचं कसं ते माहीत नाही."

परवा भर दुपारी मला मनोऱ्यावर नेलं आणि बर्फावरची पावलं दाखवली. "सहा माणसं होती," म्हणाला. ती कोल्ह्याची पावलं होती, क्रांते. बर्नाडेटने मला ओळखायला शिकवलीत, एका रेषेत पडतात. मी तसं म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कोणाच्या तरी बाजूने बोलतेय.

ऑफिसच्या फोनची वायर त्याने काढली. म्हणतो, ते ऐकतात. आईला म्हणावं, लाईन खराब आहे.

माझ्यावर हात उचललेला नाही, तसलं काही नाही. जेवताना अजूनही पहिला घास मला देतो. फक्त झोपत नाही, आणि कुऱ्हाड सारखी जवळ असते. बर्फात एकटं राहून होत असेल असं, दोन हिवाळे काढलेत त्याने. बर्नाडेटला काही सांगितलेलं नाही, त्याची नोकरी जाईल. तू पण टेन्शन घेऊ नको. येतोय तो.

संध्या

*

नेरूळ
२३ डिसेंबर २०२३

संध्ये,

टेन्शन घेऊ नको म्हणतेस आणि कुऱ्हाड लिहितेस!

मी पहिल्या पत्रावर दात काढले, त्याची मला लाज वाटते. आता नीट वाच. मी डॉक्टर नाही, पण रोज शंभर चिठ्ठ्या वाचते, तेव्हा काही गोष्टी कळतात. मला सांग, हरेश दिवसाला किती तास झोपतो? जेवण कमी झालंय का? एकटा बोलतो का, कोणाला उत्तर दिल्यासारखा? याआधी कधी गोळ्या घ्यायचा का? बॅगेत, कपाटात जुनं पाकीट, चिठ्ठी, काहीही असेल तर नाव लिहून पाठव.

हे बर्फाने होत नाही, संध्ये. एकटेपणाने वाढत असेल, पण हे आजारपण वाटतंय. टायफॉइड झाला असता तर तू नोकरीचा विचार केला असतास का?

त्याच्याशी वाद घालू नकोस. माणसं नाहीत, नाहीत, असं करत बसू नकोस आणि हो, आहेत, असंही म्हणू नकोस. आणि बर्नाडेटला सांग. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांग, हातवारे करून सांग, पण सांग.

मी रविवारी तुझ्या सासूकडे घणसोलीला जाणार आहे. घाबरू नकोस, सहज आले म्हणेन.

हे वाचलंस की फाड.

क्रांती

*

३ जानेवारी २०२४

प्रिय मैत्रीण क्रांती हिस,

तुझे पत्र मिळाले. मी येथे मजेत आहे. हवा थंड आहे परंतु घरात उबदार आहे. हरेश माझी उत्तम काळजी घेतात. मागील पत्रात मी जे लिहिले ते कंटाळ्यापोटी लिहिले, त्यात तथ्य नाही. कृपया आता पत्र पाठवू नये. आमच्याबद्दल कोणाकडे चौकशी करू नये. सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

सौ. संध्या

ता.क. मी हरेश. तुमचं पत्र मला पिठाच्या डब्यामागे मिळालं. मी किती झोपतो, काय खातो, हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं? तुम्ही आमचा पत्ता कोणाकोणाला दिलात त्यांची नावं कळवा. मी रागावलेलो नाही. फक्त किती जण आहेत तो आकडा हवा आहे.

*

नेरूळ
७ जानेवारी २०२४

संध्ये,

हे पत्र बर्नाडेट बटाट्याच्या पिशवीत तळाशी ठेवेल. वाचून चुलीत टाक. वरती, सामानाच्या बिलासोबत, दुसरं पत्र आहे ते हरेशसाठी. ते त्याला उघड देऊ दे.

तू मला कधी 'हिस' लिहिशील असं वाटलं नव्हतं. मी दुकानात उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं. बाबांनी पाणी आणून दिलं.

आता ऐक. मागे लिहिलं होतं त्या रविवारी घणसोलीला गेले तेव्हा तुझ्या सासूने, मालतीमावशींनी, मला उंबऱ्यातच अडवलं. "माज्या पोराला काय बी झालेला नाय. तो बरा हाय. तुला कोनी धारला?" मला कोणी धाडलं म्हणे! आणि दार लावून घेतलं. काल पुन्हा गेले. हरेशचं ते ता.क. त्यांना वाचून दाखवलं. मावशी तशाच आत गेल्या आणि बिस्किटाचा एक डबा घेऊन आल्या. त्यात चिठ्ठ्या होत्या, सहा वर्षांपूर्वीच्या, वाशीच्या एका डॉक्टरच्या.

हरेश तेव्हा रबाळ्याला कामाला होता. त्याच्या मनाने घेतलं की शेजारच्या कंपनीतली माणसं त्याला मारायला येणार. तीन महिने घराबाहेर पडला नाही. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मावशींना बाजारात जाऊ देईना. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा वर्षभरात पूर्ण बरा झाला, पूर्ण, समजतंय ना? तीन वर्षं गोळ्या घेतल्या. कॅनडाला गेल्यावर सुटल्या.

मी विचारलं, "मावशी, संध्याला का नाही सांगितलंत?"

तर म्हणाल्या, "सांगतला असता तं लगीन झाला असता का? मना वाटला, लगीन झाला का तो सुदरेल. मी तुज्या पाया परतंय, माजा पोर नि ती पोरगी, दोघाना पन वाचव." मग पदर तोंडात कोंबून रडल्या. मला राग आला होता, पण मी आधी चिठ्ठ्यांचे फोटो काढून घेतले.

गोळ्यांची नावं मी बर्नाडेटला पाठवलीत. तिला सगळं इंग्लिशमध्ये कळवलंय. ती म्हणते, एकदम पोलिसांची गाडी आणली तर तो बिथरेल. गुरुवारी आधी ती एकटी येईल, तुला बघेल, आणि शुक्रवारी आरोग्य केंद्राच्या नर्सला आणि पोलिसांना घेऊन येईल. तेवढा एक दिवस काढ. कुऱ्हाड लपवायला जाऊ नकोस. गेटचा रस्ता मोकळा असेल अशा जागी बस, झोप. बूट जवळ ठेव.

क्रांती

*

नेरूळ
७ जानेवारी २०२४

हरेशदादा,

तुम्ही आकडा विचारलात. आकडा एक. मी एकटी. मला कोणी पाठवलेलं नाही. मी संध्याची मैत्रीण आहे, पाचवीपासूनची.

तुम्हाला खोटं लिहिणार नाही. मी तुमच्या आईकडे जाऊन आले. रबाळ्याला असताना तुम्हाला कसा त्रास झाला ते त्यांनी सांगितलं. तुम्ही खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या आणि तीन महिने वाट बघितली होती. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे, रागाने नाही. तेव्हा ती माणसं आली होती का?

तुम्हाला जी भीती वाटते ती खोटी नाही, हे मला कळतं. भीती खरीच असते, छातीत धडधडतं ते खरंच असतं. पण त्या वेळी त्या भीतीवर औषध सापडलं होतं आणि तुम्ही बरे झाला होतात. तुमची आई रोज देवापुढे बसून रडते. संध्या तुमच्याजवळ आहे. ती तुमच्या बाजूची आहे.

क्रांती

*

नेरूळ
१६ जानेवारी २०२४

संध्ये,

हे कुठे पोहोचेल माहीत नाही. तिकडची बातमी बघितली, उणे चाळीसच्या खाली. वादळ, रस्ते बंद, खांब पडलेत. बर्नाडेटला शुक्रवारपासून मेसेज करतेय, सगळे एकाच टिकवर अडकलेत. शेवटचा तिचा आला तो गुरुवारचा. पिशव्या गेटच्या झरोक्यातून दिल्या, हरेशने तुला भेटू दिलं नाही, तू लांबून हात हलवलास, आणि तुझ्या अंगात घरात असूनही कोट होता. बस, तेवढंच.

मी काल दुपारी तिथल्या पोलिसांना फोन लावला. ते म्हणाले, रस्ता उघडला की पहिली गाडी तिकडेच. कधी उघडणार, तर माहीत नाही.

तुझ्या आईने आज विचारलं, पोरीचा काही निरोप? मी नाही म्हटलं. एवढंच खरं होतं.

काहीतरी लिही. एक अक्षर लिही.

*

१८ जानेवारी २०२४
गावच्या हॉस्पिटलातून

क्रांते,

मी आहे. बर्नाडेटचा निरोप तुला मिळाला असेल, तरी माझ्या हाताने लिहिते. डाव्या हाताची बोटं बांधलीत, उजवा चालतो.

शनिवारी वीज गेली. हीटर बंद. एक लोखंडी चूल होती, तिच्यावर भागलं असतं, लाकडं ढीगभर होती. मी पेटवली. हरेश मनोऱ्यावरून धावत खाली आला आणि बादलीभर बर्फ चुलीत ओतला. "धूर दिसतो त्यांना," म्हणाला. "धूर दिसला की कळतं, आत माणसं आहेत."

शनिवार गेला, रविवार गेला. घरातल्या घरात पाण्याच्या बाटलीत बर्फ झाला. जितके कपडे होते तितके घातले, म्युझियममधल्या दोन जुन्या घोंगड्या आणल्या. तोही माझ्यासारखाच कुडकुडत होता, पण त्याला ते जाणवत नव्हतं. स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून माझ्यावर टाकायचा आणि परत मनोऱ्यावर जायचा. मला कळत होतं, त्याला मला मारायचं नाही. तो मला वाचवत होता, आणि त्यातच मी मरणार होते. याच्याइतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही. चोर असता तर मी ओरडले असते. याच्यावर काय ओरडू?

त्याच्या नावाचं तुझं पत्र त्याने गुरुवारीच वाचलं होतं. फाडलं नाही, खिशात ठेवलं. सोमवारी सकाळी वारा थांबला, लख्ख ऊन पडलं. माझी बोटं पांढरी झाली होती आणि दुखायची थांबली होती. बर्नाडेटने सांगितलं होतं की दुखायचं थांबलं की वाईट. तो खाली आला. पत्र हातात होतं. माझ्यासमोर उकिडवा बसला.

"तेव्हा कोणी आलं नव्हतं का गं?" म्हणाला.

मी म्हटलं, "मी नव्हते तेव्हा. पण तुझी आई म्हणते, नव्हतं आलं."

"मग आता?"

तू सांगितलं होतंस वाद घालू नको, हो पण म्हणू नको. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. मी म्हटलं, "हरेश, मला त्यांची भीती नाही वाटत. मला तुझी वाटते."

"माझी?" म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला, क्रांते, की मी ते बोलायला नको होतं असं वाटलं. "मी तर तुझ्यासाठी—" आणि थांबला. माझी बोटं बघितली. मग उठला, गेटकडे गेला आणि आडणा काढला.

"तू बर्नाडेटकडे जा. नदीवरून जाऊ नको, काठाने जा. मी मागे लक्ष ठेवतो."

"तू पण चल."

"दोघं निघालो तर त्यांना कळेल. तू जा."

मी निघाले. तीन किलोमीटर. बर्फ गुडघ्याएवढा, श्वास घेतला की नाकात सुया. मागे वळून बघितलं तर तो मनोऱ्यावर उभा, हातात कुऱ्हाड. मला आधी वाटलं, मन बदललं, आता येतोय माझ्यामागे. पळायला गेले आणि पडले. उठून परत बघितलं तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. पलीकडच्या माळाकडे तोंड करून उभा होता, मी जाईपर्यंत कोणी माझ्यावर येऊ नये म्हणून. नदी वळली, मनोरा दिसेनासा झाला, तोवर तो तसाच होता.

बर्नाडेट बर्फावरची गाडी काढून माझ्याकडेच यायला निघाली होती. अर्ध्या वाटेत भेटली. माझे हात तिने स्वतःच्या शर्टाच्या आत, पोटाला लावले. तोवर मागून रस्ता उघडून पोलीस आणि नर्स आलेच. मला थेट गावाला नेत होते. मी म्हटलं, आधी किल्ल्यावर. तो दुसऱ्या कोणाला उघडणार नाही.

गेट परत बंद होतं. पोलिसांना मी मागे थांबायला सांगितलं आणि हाक मारली.

आतून आवाज आला, "तुझ्याबरोबर कोण आहे?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. एकटीच आहे म्हणायचं. पण मग तो परत कधी कोणावर विश्वास ठेवणार? मी म्हटलं, "बर्नाडेट आहे. दोन पोलीस आहेत, एक बाई आणि एक बाप्या. एक नर्स आहे. चौघं. तुला दवाखान्यात न्यायला आलेत. मी पण येणार आहे बरोबर."

आडणा हलला नाही. माझे दात वाजायला लागले आणि ते मला थांबवता येईनात. त्याला ते आत ऐकू गेलं असणार. कारण तो म्हणाला, "तू परत का आलीस एवढ्या थंडीत?" आणि आडणा सरकला.

कुऱ्हाड त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. औषध सुरू झालंय. आज मला विचारत होता, गेट नीट लावलं का सगळ्यांनी?

आईला तूच सांग. तुला जसं जमेल तसं.

संध्या

*

१४ एप्रिल २०२४

क्रांते,

आज जयंती. तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. बाबा रिटायर होऊन महिना झाला, अजून तुझ्या काउंटरवरच बसतात का?

तू विचारलंस, पुढे काय. मी मे महिन्यात करावेला येतेय, दोन महिन्यांसाठी. तिकीट काढलंय. हरेश इथेच थांबेल. गावातल्या खोलीत राहतो, बर्नाडेटच्या भाच्याच्या गॅरेजमध्ये काम करतो, डॉक्टरकडे जातो, गोळ्या घेतो. किल्ल्यावर दुसरा राखणदार आलाय. दोन महिन्यांनी मी परत येईन की नाही हे मी त्याला सांगितलेलं नाही, कारण मलाच माहीत नाही. त्याने विचारलंही नाही. सासूबाईंचा फोन येतो. मी उचलते. बोलत फारसं नाही. त्यांनी मला सांगायला हवं होतं, क्रांते. मी कदाचित तरीही लग्न केलं असतं. पण मला माहीत तरी असतं.

तुला वाटत असेल, तो बरा झाला म्हणजे माझी भीती गेली असेल. नाही गेली. तो शांत बसला तरी मी त्याच्याकडे बघते. दार जरा जोरात लागलं तर माझा हात बुटांकडे जातो. तो हे सगळं बघतो.

काल बर्नाडेट आम्हाला नदीवर घेऊन गेली, बर्फ फुटताना बघायला. गावातली बरीच माणसं काठावर जमली होती, मुलं खांद्यावर घेऊन, थर्मासातला चहा पीत. नदी वरून अजून पांढरी होती. मग वरच्या अंगाला तोफ उडावी तसा आवाज झाला. जमीन हलली पायाखाली. लोक ओरडले, टाळ्या वाजवल्या.

मी नदीकडे बघितलंच नाही. माझी मान आपोआप हरेशकडे वळली. तो पांढराफटक पडला होता, मुठी आवळलेल्या. त्याने मला त्याच्याकडे बघताना पाहिलं. मी कशासाठी बघतेय तेही त्याला कळलं. मला वाटलं जमीन फाटावी आणि मी आत जावं.

त्याने नजर वळवली नाही. हळूच, बर्नाडेटलाही ऐकू जाणार नाही असं विचारलं, "संध्या, तो आवाज तुलाही आला ना?"

"आला," मी म्हटलं. "सगळ्यांना आला."

तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

संध्या